बिर्गूच्या तटावरचे साल्वू

आमच्या घरात आलेलं पहिलं लोखंडी सामान म्हणजे घण. तवा नंतर आला. असं आई सांगते, आणि ती थट्टेनं सांगत नाही.

आम्ही वडार. अप्पा खाणीत दगड फोडायचे आणि आई खाली बसून त्याची खडी करायची. खाण बदलली की पाल बदलायचं आणि पाल बदललं की माझी शाळा. चौथीपर्यंत मी सहा शाळा पाहिल्या. सहाही ठिकाणी मला शेवटच्या रांगेत बसवलं, कारण माझ्या केसांत कायम दगडाची भुकटी असायची. मी सातवीत होते तेव्हा छिन्नीखालून कपचा उडाला आणि अप्पांचा डावा डोळा गेला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा दिवस निघाला. रक्तानं भिजलेला पंचा आईनं नंतर धुऊन पुन्हा वापरायला काढला, दुसरा नव्हता.

त्या दिवसापासून घरात एक कायदा झाला. सुमीनं घणाला हात लावायचा नाही, खेळातसुद्धा. एकदा मी गंमत म्हणून छोटा हातोडा उचलला, तर अप्पांनी पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस मला वाकता येईना. मग स्वतःच एरंडाची पानं गरम करून शेकत बसले.

मी सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात पाऊल टाकणारी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते आणि नम्रपणानं लिहीत नाही. नंतर कॅनडाला येऊन कन्स्ट्रक्शनचा डिप्लोमा केला, ब्रॅम्पटनला एका बेसमेंटमध्ये पाच मुलींत राहिले, वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली. डिप्लोमा झाल्यावर नोकरी लागली ती ऑन्टारिओ सरोवराच्या काठी, ब्रिटिशांनी बांधलेल्या एका जुन्या लष्करी कोटाच्या दुरुस्तीवर. चुनखडीचे तट, कोरडा खंदक, चार बुरूज. मालक त्याचं हॉटेल करणार होता. गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं काम फोटो काढणं, मापं घेणं, रिपोर्ट लिहिणं. तिथं मला साल्वू भेटले आणि अप्पांचा कायदा मोडला.

साल्वू माल्टाचे. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एक टीचभर बेट, आणि त्या बेटावर बंदराच्या काठाशी बिर्गू नावाचं तटबंदीचं गाव. साल्वूंचा जन्म त्या तटाला टेकून असलेल्या घरात झाला. घराची मागची भिंत म्हणजे गावाचा तटच. वय पंचाहत्तरीला आलेलं, उंची माझ्याएवढी, मान बैलाची, आणि डाव्या हाताला दोन बोटं कमी. साइटवर सगळ्यांना सगळे नावानंच हाक मारतात, त्यामुळं समोर मीही नुसतं साल्वू म्हणायची. लिहिताना मात्र माझ्याच्यानं एकेरी लिहवत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मारलं. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. मी स्कॅफोल्डिंगखाली उभी राहून फोन बघत होते. वरून आवाज आला, "ए इंजिनिअर! तू मेलीस."

मला वाटलं काही पडलं. वर बघितलं तर म्हातारा हातात बादली धरून उभा. "ही बादली तुझ्या डोक्यात पडली. मेंदू बाहेर आला. मला तो फावड्यानं गोळा करावा लागला. जा, घरी जा."

घरी कुणी जायचं नसायचं. पण अवजारांच्या शेडच्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं सगळ्यांची नावं लिहिलेली होती, आणि ज्याच्या हातून चूक होई त्याच्या नावापुढं साल्वू एक फुली मारत. शिडी बांधली नाही, फुली. विरलेल्या दोराला दगड टांगला, फुली. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा नाही, "आंधळा होऊन मेलास," फुली. चुना कालवणारा हरजीत नावाचा पंजाबी होता, तो एका महिन्यात नऊ वेळा मेला होता. मला म्हणायचा, "दीदी, इस बुड्ढे के हिसाब से तो मेरी अस्थियाँ भी बह चुकीं." साल्वूंचं स्वतःचं नावही त्या दारावर होतं. त्याच्यापुढं दोन फुल्या होत्या आणि त्या त्यांनी स्वतःच मारल्या होत्या.

दुपारी ते पाव कापायचे, त्यावर टोमॅटो चोळून लाल करायचे, वर ऑलिव्हचं तेल ओतायचे आणि तुर्कांनी बिर्गूला घातलेल्या वेढ्याची गोष्ट सुरू करायचे. साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगायचे अशी की जणू कालच शेजारच्या आळीत झाली. डबा म्हणजे बिर्गू. कॉफीचे पेले म्हणजे तुर्कांच्या तोफा. मध्ये आडवी ठेवलेली हातोडी म्हणजे बंदर.

"पलीकडच्या टोकाला आमचा एक छोटा किल्ला होता," ते पावाचा घास चावत सांगायचे. "तो त्यांनी आधी घेतला. आतले सरदार कापले, मुंडकी उडवली, धडं लाकडी क्रुसांवर ठोकली आणि पाण्यात सोडली. वारा आमच्याकडं होता. सकाळी बायका पाण्यावर गेल्या तर क्रूस काठाला लागलेले."

हरजीत रोटी गुंडाळून बाजूला ठेवायचा. "आणि तुमचे लोक?"

"आमच्या सेनापतीनं तुरुंगातले सगळे तुर्क कैदी बाहेर काढले. त्यांची मुंडकी तोफांत भरली आणि परत पाठवली." मग ते बोटाचं तेल चाटायचे. "टपाल पोचलं."

मी विचारलं, "मग बरोबर कोण वागलं?"

"कोणी नाही. माझे पूर्वज दगड वाहत होते."

वेढ्याचं खरं पान हे होतं आणि तिथंच त्यांचा आवाज बदलायचा. दिवसा तोफांनी भिंत पडे, आणि पडलेली भिंत पुन्हा रचावी लागे. सरदारांनी नाही. गावातल्या बायकांनी, पोरांनी, म्हाताऱ्यांनी. आणि गुलामांनी. गुलाम मुसलमान होते. त्यांना जोडीजोडीनं बेडीत अडकवून खिंडारावर उभं करत, म्हणजे तुर्क आपल्याच धर्माच्या माणसांवर गोळी झाडणार नाहीत. तुर्कांनी झाडली. जोडीतला एक मेला की दुसरा त्याचं प्रेत पायाशी ओढत तसाच दगड लावत राही.

"सगळीकडं चिलखतं मांडून ठेवतात," साल्वू म्हणाले. "पॉलिश करून. लोक तिकीट काढून बघतात. ती बेडी कोणी बघितलीय? भिंत मात्र अजून उभी आहे. ती काय चिलखतानं बांधली?" आणि खाली थुंकले.

एकदा मी जुन्या भिंतीचा फोटो काढत असताना ते मागं येऊन उभे राहिले. "जिनं दगड लावला नाही तिनं दगडाचा फोटो काढू नये."

मला राग आला. वडाराच्या पोरीला हा माणूस दगड शिकवणार? शेडमागं उरलेल्या दगडांचा ढीग होता. तिथं मी जेवणाच्या सुट्टीत कमरेएवढी भिंत रचायला घेतली. तीन दिवस. हातोडा हातात घेतला तेव्हा पाठीत तो जुना गुद्दा आठवला, पण हात चालायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षं नुसतं पाहिलं होतं. दगड छान घट्ट बसले. चौथ्या दिवशी मी साल्वूंना दाखवायला नेलं.

त्यांनी एकदा बघितलं, शेडमध्ये गेले, मोठा घण घेऊन आले आणि माझी भिंत फोडायला लागले. मी ओरडले. थांबले नाहीत. दगड, चुना, कपचे सगळं उडत होतं. एक कपचा माझ्या हनुवटीला लागून रक्त आलं. भिंत सपाट झाल्यावर त्यांनी त्यातलाच एक दगड उचलला, मी बसवला होता तसा उभा धरला आणि वरून छिन्नीचा हलका ठोका दिला. दगड पुस्तकासारखा उघडला. पानंच्या पानं.

"हा समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालाय," ते धापा टाकत म्हणाले. "जसा साचला तसाच आडवा बसवायचा. उभा बसवलास की पाणी पानांत शिरतं, हिवाळ्यात गोठतं आणि भिंतीचं कातडं सोलून काढतं. जिवंत सोलतं. आज तू मेली नाहीस. आज तू दुसऱ्याला मारलंस."

मला लाज वाटली ती याची, की हे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात मी ते दोन मार्कांना लिहिलं होतं आणि दोन्ही मार्क मिळवले होते. पण हाताला माहीत नव्हतं. आमचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याला थर नाही, पान नाही. अप्पा तो कुठल्याही अंगावर बसवायचे आणि तो बसायचा. माझा हात अप्पांचा होता.

"कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं. "उलटं शिकलीस, पण हात शिकलेला आहे."

साइटवर तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. खाण, पाल, अप्पांचा डोळा, सगळं. त्यांनी खिशातला मळका रुमाल काढून माझ्या हनुवटीवर दाबला आणि म्हणाले, "बापाला फोन लाव."

"आत्ता?"

"मग काय मेल्यावर?"

तिकडं जेवणं उरकली होती. व्हिडिओवर अप्पांचा चेहरा आला. पहिलं वाक्य, "सुमे, तोंडाला काय लागलंय? आणि हातात काय आहे ते?" मी हातोडा पाठीमागं नेला, पण उशीर झाला होता. "बी.ई. केलं तुला! दगडाला जुंपायला? कोण आहे तो म्हातारा? त्याला विचार, माझी पोरगी काय त्याला गाढव वाटली का दगड वाहायला!"

मी साल्वूंना सांगितलं, "ते तुमची तब्येत विचारताहेत."

"खोटं बोलू नकोस. शिव्या देतोय. चांगल्या देतोय." त्यांनी फोन ओढून घेतला आणि कॅमेरा दगडावर धरून हातोडीनं ठोकला. अप्पांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "अजून एकदा ठोक म्हणावं." साल्वूंनी ठोकला. अप्पांनी कान फोनला लावला, त्यामुळं आम्हाला स्क्रीनभर नुसता कान दिसत होता.

"भाकरीगत दगड आहे गं हा," अप्पा म्हणाले. "ह्याला घण कशाला? विळी घे."

मी भाषांतर केलं. साल्वू खवळले. "त्याला सांग, आमच्या गावचा दगड याहून मऊ. तोफेचे गोळे त्यानं गिळले, ढेकर दिला. तुझा काळा दगड फुटला असता काचेसारखा!"

"आमच्या किल्ल्यांना येऊन विचार म्हणावं, कोण फुटलं ते!"

वीस मिनिटं हे चाललं. दोघांत मिळून तीन डोळे आणि अठरा बोटं, आणि भाषा एकही नाही. शेवटी अप्पा म्हणाले, "शिक त्याच्याकडं. पण डोळ्याला चष्मा लाव. नाही लावलास तर विमानानं येऊन हाणीन." साल्वूंना सांगितलं तर म्हणाले, "ही पहिली शहाणी गोष्ट बोलला."

त्या उन्हाळ्यात मी दुपारनंतर त्यांच्या हाताखाली दगड लावायला लागले. हातावर मारायचे. खरंच मारायचे, पट्टीनं, सांधा जाड झाला की. एकदा मी त्यांची पट्टी हिसकावून दूर खंदकात फेकली. ते खाली उतरून घेऊन आले आणि दुप्पट जोरानं मारली.

ऑक्टोबरात खंदकाकडच्या भिंतीला पोट आलं. नव्वद फूट लांब, दोन पुरुष उंच भिंत. पूर्वी कुणीतरी तिचे सांधे सिमेंटनं भरले होते, त्यामुळं आत मुरलेलं पाणी बाहेर निघत नव्हतं. साल्वूंनी वरून ओळंबा सोडला. मध्यावर दगड वीतभर पुढं आलेले, आणि कोटाच्या आतल्या अंगाला लांब भेग पडलेली. आणि त्याच भिंतीच्या पायाशी, खंदकात, अकरा माणसं ड्रेनेजचे पाइप टाकत होती. हरजीतही आता त्यांच्यातच होता.

आमचा साइट सुपरिंटेंडंट ग्रेग. तो म्हणाला, थंडी पडायच्या आत भेगांत सिमेंट पंप करू, मामला संपला. पाइपचं काम थांबणार नाही, शेड्यूल आधीच मागं आहे.

साल्वूंनी खिडकीची जुनी काच कापून तिच्या बोटभर रुंद पट्ट्या केल्या. भेगेच्या आरपार पाच ठिकाणी प्लास्टरनं चिकटवल्या. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहील, सरकत असेल तर तडकेल. मी वहीत प्रत्येक पट्टीचा नंबर, तारीख, वेळ लिहिली. प्लास्टर दाबून धरायला त्यांना त्या तीन बोटांच्या हातानं जमत नव्हतं, म्हणून मी धरलं, आणि तेव्हा ते आपण होऊन बोलले.

"मी आठ वर्षांचा होतो. भाऊ अकराचा. महायुद्धात आमच्या गावावर इतके बॉम्ब पडले होते की त्यातले कितीतरी न फुटताच राहिले होते. तटाच्या खंदकात भावाला एक तोफगोळा सापडला. त्याला त्याचं पितळ काढायचं होतं. मला माहीत होतं तो काय आहे. शाळेत चित्र दाखवलं होतं. पण भाऊ मला भित्रा म्हणायचा, म्हणून मी बोललो नाही. त्यानं दगड उचलला आणि मारला." ते प्लास्टर पुसत राहिले. "तो तटाच्या भिंतीवर होता. संपूर्ण भिंतीवर. आई टोपली घेऊन आली."

मी वहीत पट्टी नंबर चार, असं लिहिलं.

चौथ्या दिवशी दोन पट्ट्या तडकल्या. सहाव्या दिवशी तिसरी. साल्वू रोज ग्रेगच्या ऑफिसात जाऊन ओरडायचे आणि ग्रेग रोज म्हणायचा, बघतो. आठव्या दिवशी मालक साइट बघायला येणार होता. ग्रेग भिंतीशी आला आणि म्हणाला, "ह्या काचा वाईट दिसतात." बुटानं खालच्या तीन पट्ट्या खरवडून काढल्या. "साल्वू, तुझ्या युद्धाच्या गोष्टी माल्टात ठेव. तू म्हातारा झालास, घाबरतोस."

पुढचं फार लवकर झालं. साल्वूंची मूठ ग्रेगच्या नाकावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवर आला. ग्रेग चुन्याच्या ढिगावर पडला आणि पांढऱ्या चुन्यावर रक्त पसरलं. साल्वूंनी त्याला गळपट्टीला धरून उचललं, भिंतीपर्यंत फरफटत नेलं आणि त्याचं डोकं दगडावर दाबून ओरडायला लागले, "ऐक! कान लाव! ऐक ती काय म्हणतेय!" हरजीत आणि आणखी दोघं वर चढून आले आणि तिघांनी मिळून त्यांना ओढलं, तेव्हा सुटका झाली. हरजीतच्या दंडाला ते चावले होते.

त्यांना तिथल्या तिथं कामावरून काढलं. फाटकापर्यंत सोडायला मी गेले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या नाहीत.

"मी गाढव आहे," ते म्हणाले. "आता भिंतीचं नाव काढलं की लोक म्हणतील, तो मारकुटा म्हातारा ना? माझा शब्द मी स्वतःच्या मुठीनं मारला. आता तू सांग."

"साल्वू, ग्रेगच्या नोकरीच्या लेटरशिवाय मला इथं कायमचं राहायला पीआर अप्लाय करता येत नाही. परमिट संपत आलंय."

"माहीत आहे."

"मला परत जावं लागेल."

"तेही माहीत आहे." एवढंच म्हणून ते बसस्टॉपकडं गेले. मागं वळून बघितलं नाही.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. मी झोपले नाही. सकाळी ग्रेग नाकावर पट्टी लावून आला. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, की ही भिंत धोकादायक आहे, मी तिच्याखाली काम करायला नकार देते, आणि हे मी लेखी देतेय. इथं कामगाराला तो हक्क आहे. डिप्लोमात शिकवतात, वापरत कोणी नाही.

ग्रेग म्हणाला, "तू इंजिनिअर नाहीस. इथं तरी नाहीस."

इथला परवाना माझ्याकडं नव्हताच, तरी ते लागलं. सहा शाळांच्या शेवटच्या रांगा एकदम आठवल्या. मी म्हटलं, "बरोबर. मग जो आहे त्याला बोलवा."

आणि वही उघडून धरली. पट्टी, तारीख, वेळ, तडा. खंदकातून हरजीतला ते वाचता येत नव्हतं, पण तो बघत होता. त्यानं फावडं मातीत रोवलं आणि शिडी चढून वर आला. "दीदी नीचे नहीं जाएगी तो मैं भी नहीं." मग दुसरा आला. मग बाकीचे. ग्रेगला सरकारी इन्स्पेक्टरला फोन करावा लागला. इन्स्पेक्टर बाई दुपारी आल्या, वही शेवटच्या पानापर्यंत वाचली, उरलेल्या दोन काचा बघितल्या. त्याही तडकल्या होत्या. खंदक बंद. इंजिनिअरची तपासणी झाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

साल्वूंना साइटवर यायची बंदी होती, पण रस्ता कंपनीचा नव्हता. ते रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन यायचे आणि कुंपणाच्या जाळीबाहेर बसायचे. पाव, टोमॅटो, तेल. ग्रेग दिसला की उभे राहून माल्टीजमध्ये काहीतरी ओरडायचे आणि पुन्हा बसायचे.

तिसऱ्या दिवशी, दोन रात्री कडक गोठल्यानंतर ऊन पडलं. सकाळचे दहा वाजले असतील. आधी धान्य सांडल्यासारखा आवाज आला, सांध्यांतून भुकटी गळत होती. मग पोट फाटलं. वरचे दगड जागेवरच राहिले आणि मधला भाग पुढं ओकल्यासारखा बाहेर पडला, ओला चिखल, गोटे, सिमेंटचे तुकडे. मग वरचा सगळा भार त्यावर. जमीन हादरली, माझ्या पायाखाली हादरली. बैलाएवढे दगड खंदकाच्या पलीकडच्या काठावर जाऊन आपटले. मिक्सर चपटा झाला, ढकलगाडी पत्र्यासारखी दुमडली, पाइपांचे तुकडे हवेत उडाले. नंतर धूळ, आणि धुळीत काहीच दिसेना.

जाळीकडून हाक आली. "किती?"

साल्वू खुर्ची पाडून उभे होते, जाळीला दोन्ही हातांनी धरून. "इंजिनिअर! आत किती?"

"कुणी नाही!"

"किती?"

"साल्वू, कुणी नाही, सगळे वर आहेत!"

त्यांना ते ऐकूच जात नव्हतं, किंवा पटत नव्हतं. जाळी हलवत होते, तारेनं तळहात फाटून रक्त मनगटावर आलं होतं. "नावं घे! एकेकाचं नाव घे!"

मग मी त्या धुळीत उभी राहून हजेरी घेतली. अकरा नावं, मोठ्यानं. प्रत्येकानं जाळीजवळ जाऊन त्यांना तोंड दाखवलं. हरजीत शेवटचा होता. साल्वूंनी जाळीतून बोटं घालून त्याचा कान धरला, जोरात पिळला, तो ओरडला तेव्हा सोडला. मग खाली पडलेली खुर्ची उचलली, घडी केली, काखेत मारली आणि रक्ताळलेला हात पॅन्टला पुसत रस्त्यानं निघून गेले. ग्रेग बाजूलाच उभा होता. त्याच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी त्यांना स्कारबरोला आपल्याकडं घेऊन गेली. मार्चमध्ये तिचा फोन आला, झोपेत गेले म्हणाली. ज्या माणसानं रोज दहा जणांना मारलं तो असा गुपचूप गेला, हे मला अजून पटत नाही.

लेटर मला ग्रेगनंच दिलं. त्याचं नाक वाकडंच राहिलं होतं. पीआर मिळालं. भिंत पुढच्या दोन उन्हाळ्यांत आम्ही पाच जणांनी चुन्यात पुन्हा उभी केली. नव्वद फूट. त्यातली चाळीस फूट माझ्या हातची आहे. यंदा मी परवाना मिळालेली गवंडी झाले. बी.ई. सिव्हिल तर मी आधीच होते.